शनिवारची चिठ्ठी

बाई, मी तुमची शिपाईण. लायब्ररीत तुमच्या टेबलाच्या डाव्या हाताला स्टूल होतं, त्यावर बसायची ती. तुम्ही गेल्याचं मला कॉलेजच्या क्लार्कनं सांगितलं, तेही तुम्ही जाऊन चार महिने झाल्यावर, बसस्टँडवर, शेंगदाण्याची पुडी फोडता फोडता. देवळीची गाडी लागली होती, दारात गर्दी होती, तेव्हा रडायला जागा मिळाली नाही. घरी आले तर नळ आला होता. पाणी भरलं, सैपाक केला, आणि रडायचं राहूनच गेलं. असं माझं पुष्कळ राहून जातं. तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती, तीही अशीच राहिली. आता नातीपायी ती वर आली आहे, म्हणून लिहायला बसले. चौथी पास बाईचं पत्र आहे, जोडाक्षरं सांभाळून घ्या.

आधी आनंदाची गोष्ट सांगते. माझी नात, मोठ्या पोराची पोरगी, कॉलेजात शिकवायला लागली. इतिहास शिकवते. नोकरी पक्की नाही, तासावर आहे, पण पोरं तिला मॅडम म्हणतात. मी एकदा मुद्दाम फोन लावून कोणी मॅडम म्हणून हाक मारते का ते ऐकलं, आणि ऐकून फोन ठेवून दिला. तिला वाटलं रेंज गेली. तिचे आईबाप नागपूरला असतात, ती कॉलेजजवळ खोली करून राहते, आणि रविवारी मला भेटायला देवळीला येते. बाकी सहा दिवस घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. घड्याळही पाच मिनिटं पुढं आहे, त्याला घाई असते. मला कशाची घाई नाही.

तर मागं एका रविवारी आम्ही दोघी सैपाकखोलीत तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. पोरगी शेंग हातात धरून बसलेली. म्हटलं, काय झालं माय, कोण बोललं का तुले?

"आजी, म्या पोराइले लायब्ररीत जाऊन एक विषय शोधून लिहाले सांगितला होता. बावन्न पोरं हायेत. बावन्नच्या बावन्नाइनं एकच उत्तर आणलं."

"मंग बरोबर असंन ते."

"चूकही एकच हाये नं. एका गावाचं नाव चुकलं, तं ते बावन्न ठिकाणी तसंच चुकलं. मोबाईलवर जे पयले दिसलं ते उतरवलं. एकानं तं मधातली मोटरपंपाची जाहिरातही उतरवली."

मला असं हसू आलं की मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. ती रागावली. "तुले हासाले काय झालं? आमचे मोठे सर म्हणतात, मॅडम, हे लायब्ररीचं खूळ सोडा, प्रश्न-उत्तरं लिहून द्या. अजून एकदा असं झालं तं मले ते करूच नाई देणार." मी म्हटलं, अगं, तुझ्या पोरांना नाही हसून राहिले. मला ते लाल पुस्तक आठवलं.

तुम्हाला आठवतं का बाई, ते लाल पुस्तक? माझे मालक कॉलेजात शिपाई होते, ते गेल्यावर त्यांच्या जागेवर मला घेतलं, आणि कोणाला माझं काय करावं कळेना म्हणून लायब्ररीत तुमच्याकडं पाठवलं. मला झाडणं पुसणं येत होतं. वाचायला लावलं तर बोट ठेवून, ओठ हलवून, आणि जोडाक्षर आलं की थांबून. पण पुस्तकं मी ओळखायची. कोणतं जाड, कोणतं कुबड आलेलं, कोणाच्या पाठीवर चिंधी. एक सर दरवर्षी एकच प्रश्न देत, आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्या लाल पुस्तकात एका पानावर होतं. इतक्या वर्षांच्या पोरांनी ते पान उतरवलं होतं की पुस्तक टेबलावर ठेवलं की आपोआप तिथंच उघडायचं. मी नवीन होते, मला वाटलं आपल्याला काम जमलं. पोरं आली की मी आधीच पुस्तक काढून, उघडून, त्यांच्यापुढं ठेवायची. पोरं म्हणत, मावशी भारी आहे. मी फुलून जायची.

आणि तो दिवस. मी स्टुलावर बसलेली आहे, समोर सात-आठ पोरी एका पुस्तकावर माना घालून लिहून राहिल्या आहेत, आणि तुम्ही मागून येता. तुमच्या हातातल्या किल्ल्यांचा आवाज थांबतो. तुम्ही पोरींना काही म्हणत नाही. मला म्हणता, "पान काढून तू दिलंस? मग या मुली इथं आल्या कशाला? तूच उतरवून घरपोच द्यायचं होतंस." पोरी हसल्या. मला वाटलं जमीन फाटावी. दुपारी मी डबा उघडला नाही. तुम्ही तुमच्या डब्यातली अर्धी पोळी माझ्या झाकणात ठेवली आणि म्हणालात, "तुझ्यावर नाही चिडले. प्रश्नावर चिडले." मला तेव्हा काही उमजलं नाही. प्रश्नावर कोणी चिडतं का?

मग तुम्ही त्या सरांकडं गेलात. मी रजिस्टर घेऊन मागं उभी होते, म्हणून मला माहीत आहे. सर म्हणाले, "प्रश्न चांगला आहे, बाई. दरवर्षी विचारतो." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच, सर. पुस्तक थकलं." सर हसले आणि म्हणाले, मग तुम्हीच काढा दुसरा. आणि तुम्ही खरंच काढायला बसलात.

हे सगळं मी नातीला सांगितलं. तुरी राहिल्या बाजूला, तिनं वही आणली. मला मोठी मजा वाटली, कॉलेजातली मॅडम माझ्यापुढं पाटावर बसून लिहून घेते आहे. मी सांगत गेले, जसं आठवलं तसं. की बाई म्हणायच्या, साठ जणांना एका पुस्तकाच्या मागं लावायचं नाही, मारामारी होते आणि पान फाटतं. पोरांना पाठवण्याआधी ती वस्तू जागेवर आहे का ते आपण उठून बघायचं. प्रश्न असा पाहिजे की दोन पुस्तकांत दोन तऱ्हा निघाल्या पाहिजेत, मग पोरगं थांबतं आणि स्वतःचं डोकं खाजवतं. त्याच्या गावातलं काहीतरी त्यात पाहिजे, म्हणजे शेजारच्याचं उतरवता येत नाही. आणि कशासाठी शोधायचं तेही लिहायचं, नाहीतर पोरं म्हणतात मॅडमला काम नाही. तुम्ही प्रश्न लिहायच्या त्या चिठ्ठीची शेवटची ओळ तर मला पाठ होती, तीही सांगितली. अडलात तर ग्रंथपालाला विचारा, विचारल्याचे गुण कापले जाणार नाहीत.

"आन् हे बरोबर जमलं का नाई ते तुह्या बाईले कसं समजे?" तिनं विचारलं.

"माह्यावर करून पाहत," मी म्हटलं.

तसंच होतं ना, बाई? शनिवारी कॉलेज दुपारी सुटायचं. तुम्ही दार लोटून घ्यायच्या आणि माझ्या हातात एक चिठ्ठी द्यायच्या. वर प्रश्न, खाली दोन चौकोन. एकापुढं सापडले, एकापुढं सापडले नाही. म्हणायच्या, "जा, शोध. मी सांगणार नाही." मी ते कार्डांचे लाकडी कप्पे ओढायची, कपाटांतून फिरायची, आणि घामाघूम होऊन परत यायची. तुम्ही म्हणायच्या, "कुठं अडलं ते दाखव." पहिल्या शनिवारी मला एक शब्दच वाचता आला नाही. तुम्ही तो खोडून सोपा लिहिलात. दुसऱ्या शनिवारी मी लेखकाच्या नावानं कार्ड शोधत बसले आणि कार्डं होती आडनावानं. तुम्ही कप्प्यावर तसा कागद चिकटवलात. तिसऱ्या शनिवारी पुस्तकापर्यंत माझा हात पोचेना. दर वेळी मी दुसऱ्या चौकोनात खूण केली, आणि दर वेळी मान खाली घालून चिठ्ठी दिली. मला वाटायचं, मी ढ आहे म्हणून बाई सोपं करून राहिल्या आहेत. दया करून राहिल्या आहेत. तुम्ही प्रश्नाची परीक्षा घेत होत्या आणि मला वाटे माझी घेता.

नातीला मी चिठ्ठी आणि चौकोन एवढंच सांगितलं. चौथा शनिवार नाही सांगितला.

तो पोळ्याच्या आदल्या दिवसाचा होता. घरी पुरणाची डाळ भिजवून आले होते, पोराला तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैलाला चाकं लावून पाहिजे होती, आणि तीनची गाडी गेली की मग पाचचीच. चिठ्ठीत होतं, आपल्या तालुक्याच्या गावचा आठवडी बाजार कधीपासून भरतो ते दोन ठिकाणी शोधा. एक जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, दुसरं गावच्या शाळेची जुनी स्मरणिका. दोन्हींत फरक निघतो तो लिहा, आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून कोणाचं खरं वाटतं ते सांगा. गॅझेटियर मला सापडलं. स्मरणिकेचं कार्डही कप्प्यात सापडलं. पण स्मरणिकांचे गठ्ठे वरच्या खोलीत, जिना चढून. मी जिन्यापर्यंत गेले. घड्याळ पाहिलं. आणि खरं सांगते, नुसती गाडी नव्हती. चौथ्यांदा नाही म्हणायला मला जड झालं होतं. एकदा तरी तुम्ही खूश व्हाव्या असं वाटलं. मी खाली आले आणि पहिल्या चौकोनात खूण केली. तुमचा चेहरा असा उजळला, बाई. म्हणालात, "बघ, जमला की नाही प्रश्न?" मी तीनच्या गाडीत उभ्यानं गेले आणि सगळ्या रस्त्यानं तो चेहरा पाहत गेले.

वरच्या खोलीत स्मरणिकांचे गठ्ठे नव्हतेच. पावसात छत गळलं होतं, तुम्ही रजेवर असताना कोणीतरी ते पोत्यात घालून बाइंडरकडं पाठवले होते. पुढच्या आठवड्यात साठ पोरं जिना चढली आणि साठ पोरं उतरली. पोरं शिट्ट्या मारायला लागली. सर आले, म्हणाले, चला रे, गाईडमधून लिहा. आणि प्रिन्सिपल सर सगळ्यांदेखत तुम्हाला म्हणाले, "बाई, लायब्ररीनं पुस्तकं सांभाळावी. प्रश्न काढायला आम्ही आहोत." तुम्ही दाराजवळ उभ्या होत्या. किल्ल्या हातात, पण वाजत नव्हत्या.

सगळे गेल्यावर तुम्ही मला विचारलं, "तू पाहिली होतीस ना गं स्मरणिका?" तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, "हो बाई. तिथंच होती." तुम्ही माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, कळलं यांना. पण तुम्ही म्हणालात, "दुसराच गठ्ठा पाहिला असशील. गठ्ठ्यावरचे पाच आणि सहा हे आकडे तुला सारखे दिसतात का? डोळे कधी तपासलेस?"

दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला चष्मेवाल्याकडं नेलंत. त्यानं भिंतीवरचा तक्ता दाखवला. मला खालची बारीक ओळसुद्धा लख्ख दिसत होती. पण खरं बोलले तर गठ्ठ्याचं काय सांगू? मी वरच्या दोन ओळी वाचल्या आणि तिसरीला थांबले. त्यानं काच बदलली, मी पुन्हा थांबले. तो तुम्हाला म्हणाला, वेळेवर आणलंत हो यांना. आणि मला काळ्या काड्यांचा चष्मा मिळाला. तो घातला की लायब्ररी पाण्याखाली गेल्यासारखी दिसायची. तुम्ही समोर असलात की मी तो नाकावर ठेवायची, तुमची पाठ फिरली की कपाळावर सारायची. एकदा चष्म्यासकट शिडी चढले आणि तिसऱ्या पायरीनंतर जिथं चौथी नव्हतीच तिथं पाय ठेवला. तुम्ही धावत आलात. म्हणालात, बरं झालं चष्मा होता, नाहीतर डोकं आपटलं असतं.

त्यानंतर शनिवारची चिठ्ठी आली नाही. दार लोटून घेणंही गेलं. कॉलेज सुटलं की तुम्ही लगेच कुलूप लावायच्या. मी दोन-तीन शनिवार उगाच स्टूल पुसत रेंगाळले. तुम्ही म्हणालात, जा ना, गाडी चुकेल. मग तुम्ही रिटायर झालात आणि भावाकडं लांब निघून गेलात, आणि नवे ग्रंथपाल आले त्यांना प्रश्नांशी काही घेणं नव्हतं.

आता पुढचं ऐका. नातीनं दोन आठवडे खपून चिठ्ठी तयार केली. तुमच्यासारखीच, खाली दोन चौकोन. मला म्हणते, "आजी, येत्या शनिवारी चाल. पयले तू शोधजो." मी म्हटलं, मी कशाला, माझे पाय दुखतात. तर म्हणते, "म्या सराइले सांगून ठेवलं. माह्यी आजी लायब्ररीत होती, तिनं सगळे पुस्तकं वाचेल हायेत." बाई, हे माझंच पाप. ती लहान असताना मी तिला मांडीवर घेऊन पुस्तक उघडायची आणि गोष्टी वाचून दाखवायची. चित्र पाहून मनानंच सांगायची. एकदा तिनं विचारलं, तू सगळी पुस्तकं वाचली का, आणि मी हो म्हटलं. तेव्हापासून ती तेच धरून बसली. इतक्या शिकलेल्या पोरीच्या नजरेत मी तेवढी एक जागा कमावली होती.

गेले. तिनं मला नऊवारी नेसायला लावली. कॉलेज तेच नाही, पण वास तोच, जुन्या कागदाचा. कप्पे कुठं नाहीत, एक मुलगी कॉम्प्युटरपुढं बसलेली. चिठ्ठीत होतं, तुमच्या गावातली बंद पडलेली एखादी जागा घ्या. जिनिंग, टॉकीज, शाळा, काहीही. तिच्याबद्दल छापलेलं दोन ठिकाणी शोधा, दोघांचं कुठं पटत नाही ते लिहा, मग गावात कोणाला तरी विचारा. मी आमच्या देवळीकडची, कापसातली सरकी काढायची जिनिंग घेतली. मधे एक लांबलचक शब्द होता, तो मला लागेचना. कॉम्प्युटरवाल्या मुलीनं नंबर लिहून दिला. नंबराचं कपाट सापडलं, त्याला कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडं तो सुट्टीवर. मी कुलपाकडं बघत उभी राहिले. खुर्चीवर येऊन बसले तेव्हा माझ्या हातात पेन होतं आणि समोर दोन चौकोन.

नात आली, तिच्यामागं तिचे मोठे सर. सर म्हणाले, "काय आजीबाई, तुम्हाला सापडलं तर आमच्या पोरांना सापडलंच समजायचं." नात माझ्याकडं अशी पाहून राहिली होती, शाळेत असताना मार्क सांगायच्या आधी पाहायची तशी. मला जिना आठवला. मी म्हटलं, "नाई सापडलं."

मग मला थांबवेना. म्हटलं, "सर, माह्यी शाळा चौथीवरीच झाली. हा मधातला शब्द मले वाचताच नाई आला. आन् पुस्तक असंनही, पण कपाटाले कुलूप हाये. सोमवारी तुमचे पोरं येतीन तं त्याइलेही कुलूपच सापडंन." नातीचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, गेली माझी जागा. तिनं बाजूची खुर्ची ओढली, माझ्याजवळ बसली, पेनाचं टोपण काढलं, आणि म्हणाली, "कोठी अडलं ते दाखव, आजी."

हे मी तिला सांगितलंच नव्हतं, बाई. तुमचं हे वाक्य माझ्या तोंडून निघालंच नव्हतं. तिचं तिलाच सुचलं. आणि तेव्हा या वयात मला समजलं की तुम्हाला माझं 'सापडले नाही' हेच पाहिजे होतं. त्या तीन शनिवारी मी तुम्हाला पुरी पडले होते, आणि ज्या दिवशी तुम्ही खूश झालात त्याच दिवशी मी तुम्हाला उघड्यावर सोडलं.

गाडीत ती खिडकीशी बसली. मग म्हणाली, "लहानपणी तू मले ज्या गोष्टी वाचून दाखवत होती, त्या?"

"चित्र पाहून सांगत होती."

"त्या पुस्तकात नाई होत्या?"

"नाई."

ती बाहेर पाहत राहिली, सोयाबीनची वावरं संपेपर्यंत. मग म्हणाली, "म्हणूनच मले त्या पुन्हा कोठीच नाई सापडल्या. किती शोधल्या म्या." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेली. माझी जागा गेली की उरली ते मी विचारलं नाही. डोकं जड होतं, तेवढं पुरे झालं.

कुलूप निघालं. तो लांब शब्दही तिनं काढला. पोरांनी या खेपेला बावन्न तऱ्हेचं लिहून आणलं, काही अगदी फालतू, असं ती म्हणाली, पण आपापलं फालतू. सर एवढंच म्हणाले, पुढच्या वेळी दाखवून घेत जा. म्हणजे पुढची वेळ आहे. तीन पोरी तर देवळीला माझ्या घरी आल्या, जिनिंगचं विचारायला. कागदात एक लिहिलं आहे, दुसरीकडं दुसरं, तुम्ही सांगा आजी, भोंगा कधी वाजायचा. मी त्यांना मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊ घातला आणि भोंग्यापासून सुरू करून माझ्या लग्नापर्यंत गेले. त्यांनी सगळं लिहून घेतलं, बिचाऱ्यांनी. त्या गेल्या, बश्या धुतल्या, आणि मग घर पुन्हा जसं असतं तसं. सांगायला कोणी नाही म्हणून तुम्हाला सांगितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, आता खरा चष्मा आहे, त्यातून हे लिहिलं. तीन दुपारी लागल्या.

पत्र पाठवायला पत्ता नाही. तुम्ही करून दिलेल्या त्या काळ्या चष्म्याचं घर अजून आहे, त्यात घडी करून ठेवते. एकच उरलं. मी इतकी वर्षं गप्प का राहिले ते. भीती होती, पण ती वर्षा-दोन वर्षांत गेली होती. चष्मेवाल्याकडं जाताना मोठा रस्ता होता, ट्रकांचा. तुम्हाला वाटलं मला दिसत नाही, म्हणून तुम्ही माझा हात धरून मला पलीकडं नेलंत, आणि येतानाही धरलात. मालक गेल्यापासून माझा हात कोणी धरला नव्हता. मला सगळे ट्रक दिसत होते, बाई.